मंडळाची यंत्रणा

आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याला कुणी सोडत नाही. त्याला शाल घालतात, नारळ देतात, फेटा बांधतात, आणि त्याच सभेत सल्लागार, मार्गदर्शक नाहीतर आजन्म मानद काहीतरी करून त्याच खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर पुन्हा बसवतात. सत्कारमूर्तीलाही हे ठाऊक असतं, म्हणून तो भाषणात गहिवरतो तो बेतानंच. असे सत्कार मी डझनावारी पाहिले. पाहिले म्हणजे काय, त्यांची मानपत्रं मीच लिहिली. त्यामुळे आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय मला नाही. मारता आला असता तर बरं वाटलं असतं.

आमचं मंडळ म्हणजे जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांची आणि कारखानदारांची संस्था. औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) उस्मानपुऱ्यात, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला चार खोल्या. आमचं पत्र वाचून बाहेरगावचा माणूस मोठी इमारत डोळ्यांपुढे आणून यायचा, आणि जिना चढून वर आला की मागं फिरून पाटी पुन्हा एकदा वाचायचा. मी तिथला चिटणीस. अहवालात आम्ही 'मंडळाची यंत्रणा' असा शब्द वापरायचो. ही यंत्रणा म्हणजे मी, एक टाइपरायटर, पुढं आलेलं फॅक्सचं मशीन आणि सकाळी झाडलोट करून पाणी भरून जाणारी एक बाई. बाई दहाला जायची. त्यानंतर दिवसभर यंत्रणा म्हणजे मी.

साहेब मंडळाचे प्रमुख. कन्नडकडच्या जमीनजुमला असलेल्या घरातले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, उर्दूत पहिले आले, आणि वीस वर्षांचे झाले तोच पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं. ज्या भाषेत ते पहिले आले होते ती भाषा वर्षा-दोन वर्षांत कचेऱ्यांतून निघून गेली. दुसरा कुणी असता तर जन्मभर कुढत बसला असता. साहेबांनी ती जपून ठेवली. पुढं आखाती देशांतल्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायची वेळ आली तेव्हा आमच्या भागात ती धड बोलणारा हाच एक व्यापारी पुढारी निघाला. सगळे 'हॅलो, रेट बोलो' म्हणायचे. साहेब आधी तब्येत विचारायचे, मग आईवडिलांची, मग तिकडच्या उन्हाळ्याची, आणि पलीकडचा माणूस विरघळला की मग हळूच कांद्यावर यायचे.

वैजापूरचा पहिला कांदा त्यांनीच समुद्रापार पाठवला. तो सडला. बंद कंटेनरमध्ये कांद्याला वारा मिळाला नाही आणि तिकडं दार उघडलं तेव्हा आत नुसता वास होता. इथले व्यापारी म्हणाले, बंदरावर उशीर झाला म्हणा. साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला आणि सरळ सांगितलं, 'जनाब, चूक आमची आहे. कांदा आम्हाला माहीत आहे, समुद्र माहीत नव्हता.' त्या माणसानं पुढच्या हंगामात पुन्हा आमच्याकडूनच कांदा घेतला. पुढं हिमरूच्या शाली गेल्या, मग औद्योगिक वसाहतीत बनणारे गाड्यांचे सुटे भाग जर्मनीला गेले. वसाहतीला पाणी मिळावं म्हणून हा माणूस मंत्र्यांच्या दारात जेवणाचा डबा घेऊन बसलेला मी पाहिला आहे. माणूस मोठा होता. मानपत्रात लिहिलं म्हणून नव्हे, खरोखरच होता. मोठ्या माणसाजवळ राहण्यातली अडचण हीच असते की त्याच्यावर मनापासून चिडताही येत नाही.

जर्मनीला मात्र उर्दूचा उपयोग नव्हता. तिथं मी लागायचो. माझं इंग्रजी बरं होतं आणि टायपिंग चांगलं होतं, आणि दोन्ही गुण अंगाशी आले. तिकडं सकाळ व्हायची तेव्हा आमच्याकडे दुपार कलायला लागलेली असायची. उत्तरं यायची संध्याकाळी, त्यांना उत्तरं जायची त्यानंतर. त्यामुळे रोज घरी जाऊन-येऊन करणं जमेना. घर होतं वैजापूरला.

वैजापूरला माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शहराजवळच्या शाळेवर बदली मागणाऱ्यांची रांग एवढी मोठी की तिचा नंबर ती निवृत्त झाल्यावर लागला असता. म्हणून ती तिकडं, मी उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत. शनिवारी संध्याकाळची एस.टी. पकडून जायचं, सोमवारी पहाटेची पकडून यायचं. लग्नानंतर वर्षभरात मुलगी झाली. तिचं चालणं, बोलणं, दात पडणं, गोवर, सगळं मी शनिवारी ऐकलं. एका सोमवारी ती सायकल शिकली. शनिवारी मी गेलो तेव्हा ती सायकलीला कंटाळलीही होती.

मी काही हातावर हात धरून बसलो नव्हतो, असं मी स्वतःला सांगायचो. मुलगी पहिलीत गेली तेव्हा वैजापूरच्या कांदा व्यापाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांनाही परदेशी पत्रव्यवहार करणारा माणूस हवा होता. मी साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला, 'कौटुंबिक कारणास्तव कार्यमुक्त करावे.' दुसऱ्या दिवशी अर्ज टेबलावर परत आला. कोपऱ्यात हिरव्या शाईनं एकच शब्द होता: 'बोलू.' आता कचेरीत काम केलेल्या माणसाला 'बोलू' म्हणजे काय हे सांगायला नको. 'बोलू' म्हणजे नाही. साहेब बोलावतील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. त्यांनी बोलावलं नाही, आणि आपण होऊन आत जायचा धीर मला झाला नाही. अर्ज फायलीत खाली खाली जात गेला.

पुढं चार-पाच वर्षांनी एकदा मी तोंडी विषय काढला. म्हणालो, 'साहेब, वैजापूरचं जरा...' साहेबांनी वर पाहिलं, 'हां, काय म्हणतोय वैजापूरचा कांदा?' मी कांद्याचा भाव सांगितला. भाव सांगून झाल्यावर पुन्हा बायकोवर कसं यायचं ते मला सुचलं नाही. मी बाहेर येऊन माझ्या टेबलावर बसलो आणि टाइपरायटरवर राग काढला. मला राग फार लवकर येतो. बाहेर पडायला मात्र त्याला वाट सापडत नाही.

तिसऱ्यांदा तर मला काही म्हणायची गरजच पडली नाही. जर्मनीचे पाहुणे आले होते. साहेबांनी त्यांच्यासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, 'मी आहे तोवर हा आहे.' पाहुण्यांना त्याचं इंग्रजी मीच करून सांगितलं. चांगलं केलं, ते हसले. त्या शनिवारी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, 'साहेब सोडत नाहीत.' हे मी नंतर दर वर्षी सांगत राहिलो. ती चुलीपुढं भाकरी थापत असली की प्रत्येक थापेला साहेबांचा उद्धार व्हायचा. 'लई शहाणा समजतो सोताला. त्याला काय लेकरंबाळं नायत का?' मी गप्प बसून खायचो. खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग सत्तरी झाल्यावर साहेबांनीच एका बैठकीत सांगितलं, फेब्रुवारीअखेर मी मोकळा होणार. कार्यकारिणीतले लोक हळहळले. मीही चेहरा पाडला. बाहेर येऊन वैजापूरला शाळेत फोन लावला, मुख्याध्यापकांकडून बायकोला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणालो, 'फेब्रुवारी.' ती म्हणाली, 'खरं?' कांदा व्यापाऱ्यांकडची जागा पुन्हा रिकामी झाली होती, ते एक मार्चला या म्हणाले. मुलगी बारावीला होती. जूनमध्ये ती पुढं शिकायला पुण्याला जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे. तीन महिने आम्ही तिघं एका घरात राहणार होतो. दुसरं मला काही नको होतं. अठरा वर्षांची मुलगी घरात कशी वागते, सकाळी किती वाजता उठते, कशावरून रुसते, हे मला माहीत नव्हतं आणि ते जाणून घ्यायला माझ्याकडे फक्त एवढाच वेळ उरला होता.

राजीनामा मी लिहून ठेवला होता, पण दिला नव्हता. म्हटलं, आधी साहेबांचा समारंभ होऊ दे. सत्काराच्या तोंडावर राजीनामा दिला तर बरं दिसत नाही.

मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं. मानपत्र लिहिणं हे पापड लाटण्यासारखं आहे, एकदा हात बसला की नजर दुसरीकडे असली तरी चालतं. सुरुवातीला 'द्रष्टे', मध्ये 'अथक परिश्रम', आणि शेवटी माझा एक ठरलेला परिच्छेद, जो मी बँकेच्या मॅनेजरला, शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि एका निवृत्त तहसीलदारालाही दिला होता. 'आपण पदावरून निवृत्त होत असलात तरी आमच्या मनातून निवृत्त होणार नाही. आपले मार्गदर्शन आम्हांस आजन्म लाभावे, आणि मंडळाची सर्व यंत्रणा आपल्या एका शब्दासाठी सदैव सज्ज राहील, अशी आम्ही ग्वाही देतो.' त्या तहसीलदारासाठी पुढं कुणीही सज्ज राहिलं नव्हतं. ग्वाही ही द्यायची असते. ती पाळायची असते असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

पण साहेबांच्या जागी निवडलेले आमचे नवे अध्यक्ष निराळे निघाले. त्यांची जिनिंग होती, माणूस कापसाच्या धंद्यातला, साधा आणि कमालीचा सरळ. मसुदा वाचायला दिला तर त्यांनी तो खरोखरच वाचला. शेवटपर्यंत. मानपत्र शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, 'लई झकास लिव्हलंय. पण ही ग्वाही दिलीय तर आपुन ती पाळाया पायजे का नाय?' मी म्हणालो, 'अर्थात.' मानपत्राला कुणी चांगलं म्हटलं की मी नेहमी 'अर्थात' म्हणायचो. ते समाधानानं मान हलवत गेले. हा माणूस इथून कुठं जातोय याचा मला संशयही आला नाही.

समारंभ फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला. सभागृह भरलेलं. बायको आणि मुलगी सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, मुलीच्या दोन पेपरांमध्ये चार दिवसांची सुट्टी होती. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती. मुलगी तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे पाहून हसली. मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला माईकपाशी, कारण सूत्रसंचालनही माझंच. समारंभ संपला की खोलीतली वळकटी घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं तिघांनी मिळून जायचं, असं ठरलं होतं.

आमच्या सभांमध्ये सूत्रसंचालकाकडे चिठ्ठ्या येतात. कुणाचं नाव राहिलं, कुणाला हार घालायचा राहिला, बाहेर कुणाची मोटार आडवी उभी आहे. चिठ्ठी आली की तो आधी मनात वाचून मग मोठ्यानं वाचतो, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. नव्या माणसाचं तसंच असतं. माझ्यासारख्या मुरलेल्याचे डोळे आणि तोंड एकदमच चालतात. मानपत्र वाचून झालं, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्षांनी आपल्या जागेवरून एक घडी केलेला कागद पुढं सरकवला. मी तो उघडला आणि वाचायला लागलो.

'कळविण्यास आनंद होतो की, मंडळाच्या कार्यकारिणीने एकमताने ठरवल्याप्रमाणे साहेब हे मंडळाचे आजन्म मुख्य मार्गदर्शक राहतील. त्यांच्या हर्सूल येथील निवासस्थानी मार्गदर्शन कक्ष उघडण्यात येत असून, मानपत्रात दिलेल्या ग्वाहीनुसार मंडळाची यंत्रणा म्हणजेच आपले चिटणीस उद्यापासून तेथे साहेबांच्या सेवेत पूर्णवेळ राहतील.'

'चिटणीस' हा शब्द मी स्पष्ट, खणखणीत उच्चारला. तो उच्चारल्यावर मला कळलं की तो मी आहे.

सभागृहात जोराच्या टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेत बायकोचेही हात दोन वेळा वाजले आणि मग तसेच एकमेकांवर राहिले. टाळ्या थांबल्या. आता सूत्रसंचालकाला शांतता खपत नाही. माझ्या तोंडानं माझी परवानगी न घेता वाक्य बाहेर टाकलं, 'आणि हे मी माझं भाग्य समजतो.' पुन्हा टाळ्या. मी साहेबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून शालीचं टोक सारखं करत होते. मला वाटलं, झालं. यांचीच इच्छा असणार. मी आहे तोवर हा आहे.

यानंतर सव्वा तास मी तिथून हललो नाही. हलणार कुठं? अजून सहा वक्ते बाकी होते, आणि प्रत्येकाच्या आधी मला त्याचं कौतुक करायचं होतं आणि प्रत्येकानंतर त्याच्या भाषणाचं. एकानं साहेबांच्या जर्मनीच्या पत्रांची थोरवी सांगितली, त्यातली दोन वाक्यं पाठ म्हणून दाखवली. ती मी लिहिली होती. समोर, अगदी सरळ रेषेत, सभागृहाचं दार उघडं होतं. उन्हात दोघं-तिघं विड्या ओढत उभे होते. त्यांचा मला असा हेवा वाटला की काय सांगू. माझ्या हातात माईक होता, पाचशे माणसं माझं प्रत्येक अक्षर ऐकत होती, आणि मला हवं असलेलं एक वाक्य त्यात कुठंच बसत नव्हतं. मी साहेबांवर चिडलो. अध्यक्षांवर चिडलो. हसत हसत पुढच्या वक्त्याला बोलावलं.

मनात हिशेब मांडत होतो तो फक्त दिवसांचा. हर्सूलला जायचं, नवी खोली लावायची, आठ-पंधरा दिवस सोडून मग सांगायचं. की एप्रिलमध्ये? एप्रिलमध्ये कांद्याची पत्रं असतात. मेमध्ये नक्की. मे गेला की जून येतो, हे मला पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि मी ते पुन्हा पुन्हा बाजूला सारत होतो.

आभार मानून मी माईक ठेवला तेव्हा लोक जेवणाकडे वळले होते. बायको वाट पाहत उभी होती.

'काय हे?' ती म्हणाली.

'कार्यकारिणीनं ठरवलंय.'

'तुमाला इचारलं का?'

'अध्यक्षांच्या जिनिंगवर बैठक झाली असणार. मलाही आत्ताच कळलं. वाचताना.'

'मग तिथंच का नाय सांगितलं?'

'सभेत कसं सांगणार? साहेबांचा सत्कार आहे. थोडे दिवस जाऊ दे, मी मे महिन्यात...'

तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही. खांद्यावरची पर्स मुलीच्या हातात दिली, पदर खोचला आणि चालायला लागली. ती कुठं चालली आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत ती अर्धं सभागृह ओलांडून गेली होती. एकोणीस वर्षांत ती साहेबांशी एकदाही बोलली नव्हती. आज भर सभेत काय काय बोलेल या भीतीनं मी मागं धावलो.

साहेब कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. फेटा अजून डोक्यावर, मांडीवर जेवणाचं ताट. अध्यक्ष शेजारीच उभे राहून त्यांना जिलेबीचा आग्रह करत होते. बायकोनं हात जोडले.

'साहेब, मी यांची मंडळी. वैजापूरला मास्तरीण हाये. उद्यापास्नं हे घरी राह्यला येनारेत, वैजापूरला. तुमच्याकडं हर्सूलला त्यांना येता येनार नाय.'

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही, रडणं नाही. वर्गात हजेरी घ्यावी तसं बोलली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. 'व्हय का रं?'

'हो साहेब,' मी म्हणालो. तेवढंच मला येत होतं.

साहेबांनी ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. मला वाटलं, आता सुनावणार. ते म्हणाले, 'अरे मग बोलला का नाहीस? मी तर तुझ्यासाठी हां म्हटलं!'

मी अध्यक्षांकडे पाहिलं.

'हे अध्यक्ष आले आठ दिवसांमागं. म्हणाले, साहेब, तुमी मार्गदर्शक व्हा, चिटणीस तुमच्या दिमतीला राहतील, त्यांनी सोताच्या हातानं लिहून दिलंय. मला वाटलं, माझ्यामागं नवे लोक ठेवतात न ठेवतात, याला फिकीर लागलेली दिसते. एवढी वर्षं खपलाय बिचारा, याला वाऱ्यावर कसं सोडू? मला काय करायचंय मार्गदर्शन? मला नातवाकडं नाशकाला जायचंय. बोचकी बांधून ठेवली होती, ती परत सोडली काल.'

अध्यक्ष आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होते. 'म्हंजे तुमालाबी नगं, यांनाबी नगं?'

'मला नकोच होतं,' साहेब म्हणाले.

'मग लई बरं झालं,' अध्यक्ष म्हणाले. 'तुमच्या घरी फोनची जादा लाईन घ्यायचं बी राह्यलं होतं.'

त्यांनी तिथल्या तिथं कार्यकारिणीतल्या तिघा-चौघांना बोलावलं, जिलेबी खाता खाताच ठराव मागं घेतला, आणि माझा राजीनामाही तोंडी मंजूर झाला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील. साहेब मनापासून हसत होते. मला म्हणाले, 'एकदा तू अर्ज केला होतास, फार मागं. मी लिहिलं होतं, बोलू. म्हटलं, नीट बोलून घेऊ, वैजापूरहूनच मंडळाचं काही काम करता येईल का बघू. तू आलाच नाहीस. मला वाटलं, घरचं मिटलं असंल.'

मग ते बायकोकडे वळले. 'बाई, आधी का नाही आलात?'

ती त्यांच्याकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि वाकून साहेबांच्या पाया पडली. मी तिला कधी कुणाच्या इतकं वाकून पाया पडताना पाहिलं नव्हतं.

दुपारची एस.टी. मिळाली. गर्दी होती. मुलीला पुढच्या बाकावर खिडकीपाशी जागा मिळाली, आम्हाला तिच्या मागच्या. माझी वळकटी, एक पेटी, आणि समारंभातून जाताना साहेबांनी आपल्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातलेला हार. तो मी पिशवीत कोंबला होता. मी मोकळा झालो होतो. शहर मागं पडत होतं आणि मी आनंद व्हायची वाट पाहत होतो.

लासूर मागं पडलं तेव्हा बायको समोर पाहतच म्हणाली, 'त्या मानसाला मी किती शिव्या घातल्या.'

मी पिशवीतला हार आणखी आत दाबला.

'पोरीला ताप भरला तवा घातल्या. शाळंतून येताना मी गाडीवरून पडले तवा घातल्या. संक्रांतीला, दिवाळीला. तुमी म्हनायचे, सोडत नायत. मला वाटायचं, केवढा कसाई असंल. आन् तुमी त्याला इचारलंच नव्हतं.'

'अर्ज केला होता,' मी म्हणालो.

'एक.'

'एक,' मी म्हणालो.

मग ती रडायला लागली. भर दुपारी, भरलेल्या गाडीत, पदर तोंडाला न लावता. साहेब मला सोडत नाहीत या एका वाक्यावर तिनं एकोणीस वर्षं काढली होती, आणि ते वाक्य मी बनवलेलं होतं. दुसऱ्यांसाठी मी इतकी वाक्यं बनवली, त्यात हेही एक. आजवर माझ्या पायात साहेबांची बेडी आहे असं मी समजत होतो. आता ती कुणाची होती हे मला कळलं होतं आणि ते कळल्यावर उतरून पळून जावं असं वाटलं, पण गाडीत पाय हलवायलाही जागा नव्हती. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला नाही. माझा हात तिथं आहे याची दखलही घेतली नाही.

पुढच्या बाकावरून मुलीनं मागं वळून पाहिलं. 'आई, काय झालं?'

'काय नाय,' ती डोळे पुसत म्हणाली. 'तुझे पप्पा घरी राह्यला यायलेत.'

'किती दिवस?' मुलीनं विचारलं. तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं, त्यात टोमणा नव्हता.

बायको माझ्याकडे बघायला लागली. या वेळी उत्तर मलाच द्यायचं होतं.

'मी आता कुठं जात नाही,' मी म्हणालो. 'जायचं ते तुलाच आहे.'

मुलीनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग ती पुढं तोंड करून बसली.